दाजींचे जवळचे तारे

दाजी गेल्याची बातमी सेलूहून सकाळच्या गाडीनं आलेल्या एका अडत्यानं सांगितली, तेव्हा मला आधी आठवला तो माझ्या टेबलाच्या खणातला एक कागद. मेव्हणा असावा तर माझ्यासारखा! तीन आठवडे झाले. खण उघडायचा धीर होत नाही आणि बंद ठेवूनही स्वस्थता नाही...

दाजी, म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शिकले उर्दूत, शिकवलंही उर्दूत. निजामी गेली, शाळा मराठी झाली आणि पन्नाशीतल्या या माणसाला घरचीच भाषा फळ्यावर लिहिताना घाम फुटू लागला. जमलं नाही तर वर्ग काढून घेऊन कचेरीत बसवतील, ही धास्ती. ताऱ्यांच्या धड्यावर तर त्यांचा जीव. म्हणून उर्दू वहीतला जवळच्या ताऱ्यांचा तक्ता त्यांनी मला नागरीत उतरवायला दिला. मला दोन्ही लिप्या येतात, अशी माझी तेव्हा समजूत होती.

उर्दू उजवीकडून वाचायचं, हे विसरून मी रकान्यांना डावीकडून क्रमांक दिले. शेवटचा तारा, प्रश्वा, सूर्याच्या शेजारी येऊन बसला! दाजी पोट धरून हसले. "अहो मेव्हणे, शेजाऱ्याला पार वेशीबाहेर नेऊन टाकलं की तुमी!" मग जेवणं झाल्यावर माळवदावर नेऊन दक्षिणेला टेकलेला मित्र नावाचा तारा दाखवला. तो एक नाही, म्हणाले. दोन आपल्या सूर्याच्या जातीचे, तिसरा खुजा, तांबडा, मंद. तोच सगळ्यांत जवळचा. सूर्याचे बहुतेक शेजारी असेच. व्याधासारखा पांढराशुभ्र एखादाच.

"दिसला का तिसरा?"

"दिसला की!" मी ठोकून दिलं.

"लय तेज नजर हाय. दुर्बिणीशिवाय कुणालाच दिसत न्हाई तो."

तक्ता सुधारणं अर्ध्या तासाचं काम, पण तो कागद माझ्या खणातच पडून राहिला. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "झाला का तक्ता?" "झालाय, घरी राहिला," मी म्हणालो. ते नुसतं "बरं" म्हणाले.

दहाव्याला अक्कानं एक नवी वही माझ्या हाती ठेवली. "सुट्टीभर हेच करायले व्हते. तुला लय कामं असतात म्हणाले."

आत थरथरत्या नागरीत तक्ता, डावीकडून उजवीकडं. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं : 'खुजा, तांबडा. डोळ्यांना दिसत नाही. मेव्हण्यांना दिसतो.'

व्याधापर्यंत सगळं भरलंय. शेवटी प्रश्वाचा रकाना कोरा. रोज संध्याकाळी टाक बुडवतो, उठतो, अंगणात येरझाऱ्या घालतो. दोन ओळींचं काम. पण तेवढं लिहिलं, की 'झाला का तक्ता?' हे विचारणंही संपेल...