कडा न घासलेला मणी

गोटीराम हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस काचेच्या गोट्या जमवतो म्हटल्यावर गल्लीनं ते ठेवलं आणि त्यानंही ते हसत घेतलं. पोटासाठी तो कवळ्या बनवत असे. दातांच्या दवाखान्यामागं त्याची अरुंद खोली होती. खिडकीखाली टेबल, मेणाचे तुकडे, प्लॅस्टरचे जबडे, घासायचं यंत्र. कवळी तयार झाली की तिची कड तो बोटानं चाचपून बघायचा. "डोळ्याला फसवता येतं," तो म्हणायचा, "हिरडीला नाही."

बाकी सगळा जीव कपाटात. हातानं केलेल्या गोटीला बेंबी असते, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं एकदा तरी दाखवलेलं असे. काच कांडीवरून तोडताना राहिलेला तो खरखरीत ठिपका. यंत्रातल्या गोटीला तो नसतो. गोट्यांच्या खालच्या खणात मणी होते. एके काळी जहाजांवरून पोत्यांनी नेत आणि मालाच्या बदल्यात देत, तसले जुने काचेचे मणी. बायको म्हणायची, "माझ्या गळ्यात एक नाही, आणि कपाटाच्या पोटात शंभर."

सगळ्यांत चांगला मणी मात्र त्याच्याकडे नव्हता. तो आत्याच्या गळ्यात होता.

आई आजारी असताना आत्यानं त्याला तीन वर्षं सांभाळलं होतं. तिच्या माळेत एक्केचाळीस मणी. चाळीस साधे निळे. मधला मोठा, लाल-पांढऱ्या-निळ्या थरांचा. टोकाकडून पाहिलं तर आत चांदणी दिसायची. तिच्या मांडीवर झोपताना तो मणी त्याच्या कपाळाला थंडगार लागायचा.

उन्हाळ्याआधी आत्यानं माळ त्याच्याकडे दिली. "दोरा कुजलाय. नवा घाल. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

दोरा बदलायला अर्धा तास पुरला असता. त्यानं माळ आठ दिवस ठेवली. पहिल्या दिवशी चांदणी भिंगाखाली धरली आणि तिथंच त्याची मती फिरली. आत्याला आता धड दिसत नाही. उद्या माळ हरवली तर? आपल्याकडे निदान नीट राहील. चोराला कारणं कमी पडत नाहीत. बाजारातून त्याच मापाचा, त्याच रंगांचा नवा मणी आणला. कवळीचे दात ज्या भुकटीनं घासायचे, तिनंच त्याची नवी चकाकी मारली. रंग असा जुळला की त्यालाही क्षणभर अभिमान वाटला.

माळ गळ्यात घालून आत्या म्हणाली, "हलकी वाटते रे."

"दोरा नवा आहे ना," तो म्हणाला.

चार महिन्यांनी माळ तुटली. आत्याचा खांदा आखडलेला. हात वर जात नसे. रोज सकाळी गॅलरीत बसवून सून तिची वेणी घालायची. आत्याचा मुलगा फिरतीच्या नोकरीत, घरात या दोघीच. त्या सकाळी कंगवा मानेपाशी आला आणि मणी फरशीवर तडतडले. बारा मणी कठड्याखालच्या फटीतून थेट गटारात गेले.

"ओढलंस ना?" आत्या म्हणाली. तेवढंच. त्या दिवसापासून तिनं सुनेला डोक्याला हात लावू दिला नाही.

तीन आठवड्यांनी सून उरलेले मणी डब्यात घेऊन गोटीरामच्या खोलीवर आली. नात्यानं ती त्याची वहिनी.

"भाऊजी, तुम्हीच बघा. कंगव्यानं तुटते का अशी? मी ओढलं नाही हो. पण आता मलाच वाटायला लागलंय, ओढलं असेल."

"आत्याच्या वेणीचं काय मग?"

"काय म्हणजे? डोक्याचं घरटं झालंय. जवळ गेलं की म्हणतात, अजून काही तोडायचं राहिलंय का? जेवणसुद्धा पाठ करून."

त्यानं दोरा भिंगाखाली धरला. ओढून तुटलेल्या दोऱ्याला मिशा फुटतात. हा कापला गेला होता. नेमका मोठ्या मण्यापाशी, थोडा थोडा करून, चार महिने. त्यानं मण्याच्या भोकात बोटाचं पेर फिरवलं. कड सुरीसारखी होती. जुन्या मण्यांच्या कडा वर्षानुवर्षं घासून गोल झालेल्या असतात. नव्याच्या घासाव्या लागतात. त्यानं रंग जुळवला होता, चकाकी मारली होती, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या हिरड्यांसाठी जे केलं, तेवढंच केलं नव्हतं.

"दोरा जुना होता," तो म्हणाला.

"तुम्हीच तर नवा घातला होतात."

"म्हणजे… दोरा वाईट निघाला. चूक माझी. आत्याला तसं सांगा."

वहिनीचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा त्याला बघवेना. तो उगाच मेणाचे तुकडे एका ओळीत लावत बसला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज बसलेला. "सांगितलं. त्या म्हणाल्या, पोर तुला पाठीशी घालतंय. त्याच्या हातून वाईट काम होत नाही. आता मी तोडलीही आणि तुमच्यावर ढकललंही."

त्यानं फोन ठेवला. जबड्यांचं काम तसंच टाकलं. घरी जाऊन कपाट उघडलं.

आत्या गॅलरीतच होती. डोक्यावर पांढरा गोळा. तो समोर बसला आणि चांदणीचा मणी तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो न बघताच ओळखला. अंगठ्यानं दोनदा फिरवला.

"हा कुठं मिळाला? डब्यात चाचपलं तेव्हा हाताला लागला नव्हता. गटारात उतरलास की काय?"

"माझ्या कपाटात होता. दोरा घालायला माळ दिलीस तेव्हाच काढला. बदली दुसरा घातला. त्याच्या कडेनं दोरा कापला. वहिनीनं काही केलं नाही."

सून दारात उभी होती. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मागितला असतास तर मी दिला नसता," आत्या म्हणाली. "ते तुला ठाऊक होतं, म्हणून मागितला नाहीस."

"हो."

"आणि काल दोऱ्यावर ढकललंस."

"हो."

तिनं मणी मुठीत धरला. मग मान वळवून सुनेला म्हणाली, "कंगवा आण गं."

सुनेनं कंगवा आणला, तेल आणलं. टोकाकडून सुरुवात केली, मग मुळाकडून. कंगव्याचा एक दात मोडला. ती बराच वेळ बोटांनी सोडवत राहिली. मग म्हणाली, "नाही निघायचा हा गुंता. कापावं लागेल, आई."

"काप."

"सगळे जातील."

"काप म्हटलं ना. तुला नाही कुणी बोलणार."

कात्री चालू झाली. पांढऱ्या केसांचे गोळे फरशीवर पडू लागले. गोटीराम ते गोळा करायला खाली वाकला.

"तू नको," आत्या म्हणाली. "तू बस. बघ."

तो बसला. शेवटची बट पडेपर्यंत बघत राहिला.