बहिऱ्या कानातले तीन ठोके

भूत, भानामती, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ट्रकच्या बंपरला लिंबू-मिरच्या लटकलेल्या असतात. मी ड्रायव्हरला तोंडावर सांगतो – त्या लिंबाचं सरबत कर आणि आधी ऑइल बदल. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण घडलं ते घडलं.

मी डिझेल मेकॅनिक. पांढरकवड्याला हायवेला लागूनच माझी टिनाची शेड आहे. काम शिकलो आत्राम मिस्त्रींकडे, याच शेडमध्ये. मिस्त्री फार बोलत नसत. इंजिन चालू असताना बोलून ऐकू तरी काय येणार! ते पान्याने ठोकून सांगायचे. एक ठोका म्हणजे रेस दे, दोन म्हणजे सोड. आणि तीन म्हणजे इंजिन बंद कर, बिघाड इथे आहे. जिथे ठोकलं तिथेच बघायचं. चार वर्षांपूर्वी ते वारले. त्यांचा पाना मी अजून खिळ्याला टांगून ठेवला आहे.

आता जे धंद्यात कोणालाच सांगितलं नाही ते सांगतो. माझा उजवा कान गेला आहे. आधी हळूहळू कमी होत गेला, मग पार बंद. जुन्या गाडीला कॉम्प्युटर लागत नाही, कान लागतो. डाव्यावर भागवत होतो, पण मधल्या काळात दोन-तीन गाड्यांचं निदान साफ चुकलं होतं.

अशातच गेल्या दिवाळीनंतर, ऐन कापसाच्या सीझनमध्ये, राळेगावकडचे सुधाकरभाऊ आले. जुना ट्रक, मालक तेच आणि ड्रायव्हरही तेच.

"मिस्तरी, चढावर गाडी दमच नाही धरत," ते म्हणाले. "पहिल्या गिअरवर येते तरी मरून राह्यली. धा मिनिटं उभी केली का पुन्हा चांगली! असं काहून होते?"

डिझेल फिल्टर बदलले. एअर फिल्टर झटकला, लाइनमधली हवा काढली, टॅपेट लावले, सायलेन्सर तुंबला आहे का पाहिलं, ब्रेक चिकटतात का तेही पाहिलं. शेडमध्ये गाडी एकदम शहाणी! लोड घेऊन चढाला लावली की पुन्हा तेच रडगाणं.

तिसऱ्या दिवशी सुधाकरभाऊ म्हणाले, "राग नका मानू मिस्तरी, पण आज नाही सापडलं तं मी नागपूरले नेतो."

त्याच सकाळी मी बायकोला म्हणालो होतो, "ही गाडी नाही समजली तं शेड बंद करतो. मले आता जमत नाही." ती फक्त "बरं" म्हणाली. ते बरं मला फार लागलं. मला दुसरं काही येत नाही हो!

दुपारचे अडीच वाजले असतील. शेजारचा वेल्डिंगवाला लग्नाला गेला होता, त्याचं शटर बंद. सुधाकरभाऊ रस्त्यापलीकडे चहा पीत उभे, मला समोर दिसत होते. इंजिन चालू ठेवून मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं आणि त्याची मूठ डाव्या कानात दाबली; पंपाच्या आतला आवाज आम्ही असाच ऐकतो. म्हणजे बाहेरच्या आवाजाला चांगला कान बंद, आणि दुसरा तर मेलेलाच.

ठक्. ठक्. ठक्.

उजव्या कानात! स्वच्छ. एवढं इंजिन धडधडत होतं, त्याचा आवाज त्या कानात जराही नाही... फक्त पत्र्यावर पान्याचे तीन ठोके, मागून, डिझेलच्या टाकीकडून.

इतक्या वर्षांची सवय... हाताने आपोआप इंजिन बंद केलं. "कोण आहे?" म्हणून ओरडलो, गाडीला चक्कर मारली. कोणी नव्हतं. पाना खिळ्यालाच होता. टाकीजवळ उभा राहिलो, तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं – एवढ्या खटारा गाडीला टाकीचं झाकण मात्र कोरं करकरीत.

"भाऊ, झाकण कधी बदललं?" मी रस्त्यापलीकडे ओरडलो.

"झाले पंधरा दिवस! जुनं हरवलं होतं बाप्पा," ते येता येता म्हणाले. "चार दिवस प्लास्टिकची पन्नी कोंबून चालवली. मंग ते पन्नी कुठंतरी उडाली."

उडाली नव्हती. टाकी रिकामी केली तेव्हा तळातून निघाली. इंजिनने जोर लावून डिझेल ओढलं की पन्नी आतल्या पाइपच्या तोंडाला चिकटायची, गाडी थांबली की सुटायची. संध्याकाळच्या आत तोच चढ लोडसकट गाडी तिसऱ्या गिअरवर चढली.

"तुमचा कान म्हंजे कान आहे मिस्तरी!" सुधाकरभाऊ खूश होऊन म्हणाले.

पुढच्या आठवड्यात यवतमाळला जाऊन कान तपासला. उजवा शून्य. डॉक्टर म्हणाले, बहिऱ्या कानात कधी कधी नुसताच आवाज होतो, गुणगुणल्यासारखा. असेल. पण मग मोजून तीनच का? आणि टाकीकडूनच का? की मनाला झाकण आधीच खटकलं होतं? कितीही विचार केला तरी ते कोडं मला सुटलेलं नाही.

शेड चालू आहे. त्यानंतर उजव्या कानात काहीही ऐकू आलेलं नाही. तरी एखादी गाडी अडली की मी इंजिन चालू करतो, डावा कान दाबून धरतो आणि थोडा वेळ उभा राहतो. मिस्त्रींची फार आठवण येते. मग डावा कान मोकळा करतो आणि कामाला लागतो.