सुनेचा खोकला

दिंडोशीच्या एका वस्तीत मी आरोग्यसेविका आहे. दारोदार फिरून टीबीचे पेशंट शोधायचे, हे माझं काम. गेल्या वर्षी आम्हाला एक फोन मिळाला. माणसाने त्यात तीनदा खोकायचं आणि नुसत्या आवाजावरून फोन सांगणार, हिरवं की लाल. लाल आलं की पुढची तपासणी.

मी आधी नाक मुरडलं. पण "सिगारेटचा खोकला आहे" म्हणत मला वर्षभर उडवून लावणाऱ्या एका रिक्षावाल्याला त्या फोनने पहिल्या झटक्यात पकडलं. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, माणूस वाचला. तेव्हापासून मी फोनवर डोळे झाकून विश्वास ठेवायला लागले. तिथेच चुकलं माझं.

एका घरात नवी सून होती. मी फोन पुढे केला तशी ती लाजून आतल्या खोलीत गेली. सासू म्हणाली, "ताई, नवीन आहे हो ती, परक्यासमोर लाजते. द्या ना इकडे, तिच्या नावावर मी खोकते. काय फरक पडतो?"

ऊन डोक्यावर आलं होतं, वीस घरं बाकी होती. म्हटलं, खोका. हिरवं आलं. आत जाताना त्या मुलीच्या वाळलेल्या हातावर बांगड्या पार कोपरापर्यंत सरकलेल्या मी पाहिल्या होत्या. पूर्वी एवढ्यावरून तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. पण फोन हिरवं म्हणतोय, तर आपण कोण शहाणे?

सासू काही कजाग नव्हती. सुनेची लाज राखली, एवढंच तिच्या मनात. पुढे वरून हुकूम आला, हिरव्या घरांत पुन्हा जायचं नाही. मीही गेले नाही.

तीन महिन्यांनी त्या मुलीच्या खोकल्यातून रक्त पडलं. एक फुप्फुस जवळजवळ गेलं होतं. मी हॉस्पिटलात गेले तेव्हा सासू खाटेच्या पायथ्याशी बसून रडत होती. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, त्या दिवशी मी आत तोंडात ओढणी कोंबून खोकत होते. तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

येत होतं. आणि त्याच आठवड्यात आणखी चार-पाच दारांत मी असंच एकाच्या नावावर दुसऱ्याला खोकू दिलं होतं. ती दारं कोणती, ते मला आता आठवत नाही.