दाजींचे ‘वाचवा’

मला वाचवण्यासाठी सासरच्या गावाहून, तिकोणा पेठेहून, टेम्पो आला, तेव्हा मी चहा गाळत होतो.

वाचवण्यासारखे मला काहीही झालेले नव्हते, हे आधीच नम्रपणे नमूद करतो. कुसगावच्या आमच्या घरात पंखा फिरत होता आणि मी, एक निवृत्त मराठी शिक्षक, आयुष्यात प्रथमच तंत्रज्ञानाच्या बाबतीत यशस्वी ठरत होतो. कन्येने पुण्याहून येऊन माझ्या मोबाईलवर एक अ‍ॅप बसवून दिले होते. इंटरनेटवर चांगला लेख दिसला की त्यात ठेवून द्यायचा आणि सवडीने वाचायचा. (माझ्याकडे सवडीखेरीज दुसरे काहीच नाही. तरीही ठेवून द्यायचा.)

“बाबा, भाषा इंग्रजीच राहू दे ना?”

“मराठी!” मी बाणेदारपणे म्हणालो.

बाणेदारपणा मला क्वचित साधतो, आणि साधतो तेव्हा हमखास अंगाशी येतो. ज्या कोणी त्या अ‍ॅपचे मराठी केले होते, त्याने लेख ठेवण्याच्या बटणावर ‘जतन करा’ असे न लिहिता ‘वाचवा’ असे लिहिले होते! मला ते तत्क्षणी खटकले. संबंधितांना कळवावे, असेही वाटले. पण उगाच कोणाचे मन का दुखवावे, म्हणून गप्प बसलो. मग कित्येक लेख साठवून झाल्यावर एके दिवशी सकाळी अ‍ॅपने विचारले, ‘यापुढचे लेख आपल्या माणसांनाही कळवू का?’ इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कसे म्हणणार? यादीत सर्वांत वर सासरचा गट होता, ‘पेठेची मंडळी’. त्यावर भीत भीत बोट टेकवले.

त्या दिवशी माझी पत्नी मंगल माहेरी, पेठेला, भातकापणीला गेली होती. कापलेले भात खाचरांत पडून होते, आभाळ अवेळी भरून आले होते आणि पाऊस पडायच्या आत भारे बांधून त्यांची उडवी रचायची होती. भिजले तर वर्षाचे तांदूळ गेले. अशा निकडीच्या प्रसंगी मला मुद्दाम घरी ठेवले होते. मागच्या वर्षी मी बांधलेला भारा मेहुण्याच्या, म्हणजे शंकरभाऊंच्या, डोक्यावरच सुटला होता.

“दाजी, तुमी घरीच बरं,” ते फोनवर म्हणाले. “निवांत वाचत बसा!”

मी आज्ञाधारक माणूस. ‘एकाग्र वाचन’ नावाची सोय सुरू केली (तिने फोनची घंटी बंद होते, हे मागाहून कळले) आणि उत्तमोत्तम लेख वाचवू लागलो.

तिकडे खाचरात मंगलच्या मोबाईलवर माझ्या नावाने संदेश उमटला : ‘वाचवा! घरात नाग शिरल्यावर काय करावे?’

“अगं बया! शंकर, ह्यांच्यापुढं नाग हाय! आन फोन उचलत न्हाईत!” तीस वर्षे शहरी बोललेली मंगल घाबरली की थेट पेठेच्या बोलीवर येते. “ह्ये त्याला अहो-जाहो करत बसतील रे!”

“आन भात?” आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आभाळाकडे पाहत विचारले.

“ऱ्हाऊ द्या, आबा! दाजी येकच हायती!”

भारे वाहायला आणलेला टेम्पो माणसे घेऊन निघाला. तो दुधिवरे खिंडीत पोहोचेतो मी दुसरा लेख निवडला : ‘वाचवा! अंगणात बिबट्या आल्यास घ्यावयाची काळजी.’

“आता बिबट्या कुटून आला?” शंकरभाऊ ओरडले.

“नागामागं आला आसंल,” आबा म्हणाले.

तेवढ्यात तिसरा : ‘वाचवा! छातीतील कळ : लक्षणे ओळखा.’

“येनारच कळ! दोन दोन जनावरं घरात!” शंकरभाऊंनी टेम्पो दामटला.

मग चौथा : ‘वाचवा! पत्नीच्या मनातले कसे ओळखावे?’

शंकरभाऊंनी म्हणे टेम्पोचा वेगच कमी केला.

“आक्का,” ते म्हणाले, “ह्यातनं वाचवनं माज्या हातात न्हाई.”

दार धाडकन उघडले. पुढे कोयता घेऊन शंकरभाऊ, मागे काठी उगारून आबा, त्यांच्यामागे हातात विळा घेतलेली माझी पत्नी. मी हातात गाळणे घेऊन उभा!

“कुटं हाय?”

“कोण?”

“नाग!”

“कल्पना नाही.”

“बिबट्या?”

“त्याचीही नाही. चहा घ्याल का?”

“छातीत कळ आलीय ना?”

“आत्ता येते आहे.”

मी मोबाईल दाखवून खुलासा केला. “‘वाचवा’ हे येथे सकर्मक क्रियापद असून त्याचे कर्म मी नव्हे, लेख आहे...”

“म्हंजी लेख वाचवायचा,” आबा म्हणाले, “आन मंग वाचायचा?”

“अगदी बरोबर!”

“मंग किती वाचलं?”

मी चष्मा पुसू लागलो.

“एकही नाही!” मंगल म्हणाली. भीती सरल्यामुळे ती आता शुद्ध बोलत होती, आणि ते अधिक भयंकर होते. “शेकड्याने साठवलेत, आबा! एकसुद्धा नाही!”

इतक्यात बाहेर ढग गडगडले आणि सर्वांना एकदमच भात आठवले.

चहा तसाच राहिला. परतीच्या टेम्पोत या खेपेस मीही होतो, मागच्या हौद्यात, उभा. पेठेत सगळे वेड्यासारखे कामाला लागले. मीही भारे बांधले. कोणी अडवले नाही, कारण कोणालाच वेळ नव्हता. उडवीवर ताडपत्री पडली आणि पाऊस कोसळला. भात वाचले! भिजले ते वाटेत सुटून पडलेले दोन भारे. ते कोणी बांधले होते, हे कोणी विचारले नाही. तेवढे सौजन्य माझ्या सासरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मंगल घरी परतल्यावर, मला फारच ओशाळवाणे वाटू लागले. सर्वांची रीतसर माफी मागावी, असे ठरवले. शब्द चुकू नयेत म्हणून शोधाशोध केली आणि खरोखरच एक सुंदर लेख सापडला. चहा झाल्यावर सावकाश वाचू, अशा विचाराने मी बटण दाबले.

पेठेच्या मंडळींना संदेश गेला : ‘वाचवा! दुखावलेल्या नातेवाइकांची क्षमा कशी मागावी?’

क्षणात शंकरभाऊंचे उत्तर आले : ‘दाजी, आता खरा नाग आला तरी आमी येनार न्हाई.’

मंगल तर स्वयंपाकघरातूनही आली नाही.

लेख मात्र उत्तम आहे. सवडीने वाचणार आहे.