जितं विरजण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दही लावलं. दुसरं काही नाही. दिवेलागणीची वेळ होती. चार दिवस बायको तापाने पडून होती, तरी उठली, भिंतीला धरत चुलीपाशी आली, पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "दूध उतरा."

मी म्हशीच्या दुधाचं पातेलं खाली ठेवलं. निवायला जरा वेळ गेला. मग तिने रोजच्यासारखी करंगळी दुधात बुडवली. पुसली. परत बुडवली. मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, मला सगळंच गार लागतंय. अंगातच एवढी आग हाय, दुधाचं काय कळंना. तुमी बघा."

मी जागचा हललो नाही. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, आणि त्यातली वीस वर्षं त्या दुधात बोट घालायची मला बंदी होती. बंदी तिनेच घातलेली. ती का घातली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शाळा मी दोनच इयत्ता बघितली. आमच्या संस्थानात महाराज गादीवर आले, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी कॉलेजात पट्टेवाला म्हणून लागलो आणि मला शास्त्राच्या खोलीवर टाकलं. काचा पुसायच्या, बाटल्या जागेवर ठेवायच्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लावून लावूनच मला वाचता येऊ लागलं. त्या खोलीत एक पितळी भिंग होतं, उभ्या नळीचं. त्याला हात लावायचा नाही, फडक्याने पुसायचं फक्त, असा हुकूम. पण तिथे शिकवणारे सायेब चांगले होते. एकदा पोरं गेल्यावर म्हणाले, "रोज पुसतोस, कधी डोळा लावलास काय? ये."

काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा होता. कांदा माझ्याच घरचा, मीच आणलेला. डोळा लावला आणि बघतो तर भिंत. वीट वीट लावून रचल्यासारखी. एकेक वीट आतून पोकळ, आणि प्रत्येकीत एक ठिपका, घरात माणूस बसावा तसा. सायेब म्हणाले, "ही एकेक पेशी. तो ठिपका तिचा कारभारी. कांदा असाच बनलाय, तूही असाच बनलायस. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. असंच सगळं जितं वाढतं."

मी घरी येऊन हे सगळं तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"कांद्यात खोल्या हायत्या म्हणं. भाडं कोण घेतंय?"

"चेष्टा न्हाय. डोळ्यानं बघितलं."

"आनि माझ्यात बी हायत्या?"

"तुझ्यात बी."

"मग एकीत सासूबाईंचं सामान ठेवा की. घरात जागा न्हाय."

दुसऱ्या दिवशी सायबांनी त्याच पापुद्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. मी बघत होतो. विटेच्या आतली पिशवी भिंत सोडून आकसली, म्हातारीच्या गालासारखी. मग साधं पाणी घातलं, तर हळूहळू परत फुगून भिंतीला टेकली. सायेब म्हणाले, हे जितं असल्याची खूण. मग उकळत्या पाण्यातून काढलेला पापुद्रा ठेवला. त्याला मीठ लावा, पाणी लावा, काही नाही. भिंती तशाच उभ्या, पण आत घरधनी मेलेला.

हे सांगितल्यावर मात्र ती हसली. "कांद्याला मीठ लावलं की पानी सुटतंय, हे बघाय भिंग लागतंय व्हय? आनि उकडलेल्याला सुटत न्हाय, ते बी मला ठावं हाय. तुमच्या सायबास्नी म्हणावं, एक दिवस आमच्या चुलीफुडं बसा."

मला राग आला होता. आता कळतं की तिचंच बरोबर होतं. पण तेव्हा मला जरा शास्त्राची हवा लागली होती. सायेब सारखं म्हणत, सगळं उकळून घ्या, उकळल्याने किडे मरतात, भांडी स्वच्छ होतात. मी तेवढंच डोक्यात घेतलं. एकदा ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. म्हटलं, आज आपणच दही लावू, आणि शास्त्राने लावू. गाडगं उकळत्या पाण्याने धुतलं. दूध चुलीवरून उतरवलं आणि तसंच, वाफा निघत असताना, विरजणावर ओतलं. मनात म्हटलं, एक किडा राहायचा नाही.

राहिला नाहीच. सकाळी गाडग्यात दूध ते दूधच. वरून नासकं.

तिने पळी घालून वास घेतला. मग म्हणाली, "किडं मारलासा. त्यात माझं बी मारलासा."

ते विरजण तिच्या माहेरचं होतं, उचगावचं. तिच्या आईला तिच्या आईने दिलेलं. लग्नात माझ्याबरोबर पाठवणी झाली तेव्हा शालू, भांडी आणि एक छोटं गाडगं, एवढं तिने आणलेलं, आणि शालूपेक्षा गाडगंच जास्त सांभाळत आलेली. त्या दिवशी ती माझ्याशी एक शब्द न बोलता चालत उचगावला गेली आणि आईच्या गाडग्यातलं पळीभर घेऊन चालत परत आली. चूल पेटवली, दही लावलं, आणि मग बोलली. "आजपास्नं दुधात बोट घालायचं न्हाय. भिंगात घाला, नळीत घाला. दुधात न्हाय."

बंदी ती ही.

मला अपमान वाटला होता, पण त्यातूनच माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आला. सायबांना पोरांना दह्यातले जीव दाखवायचे होते. दुकानातलं दही आणलं. काचपट्टीवर थेंब, त्यावर निळं औषध, आणि भिंगात नुसता गोंधळ, चार जातींची गर्दी. मी भीत भीत म्हणालो, "सायेब, घरचं आणू?" दुसऱ्या दिवशी वाटीभर आणलं. सायबांनी डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग पोरांना म्हणाले, "रांगेत या. असं परत बघायला मिळायचं नाही."

शेवटी मीही बघितलं. निळे मणी, माळेत ओवल्यासारखे, आणि मधूनमधून काड्या. दुसरं काही नाही. स्वच्छ. एकेक मणी म्हणजे एकेक पेशी, सायेब म्हणाले, अख्खा जीव एका खोलीचा. कांद्यात हजारो खोल्या मिळून एक कांदा, इथे एकेक खोली आपापला संसार करते. दुधातली साखर खाते, आंबट सोडते, फुगते, मधे चिमटते आणि एकीच्या दोन होतात. ऊब मिळाली तर सकाळपर्यंत गाडगंभर. फार तापवलं तर मरतात, गारठलं तर झोपतात.

"हे कुणी लावलंय?" सायबांनी विचारलं.

"आमच्या घरच्या मंडळीनं," मी म्हणालो. छाती आपोआप पुढे आली.

"ऊब कशी ओळखतात त्या?"

"करंगळीनं, सायेब. पाच म्हणेपर्यंत आत ठेवता यायला पाहिजे, सहाला काढावंसं वाटायला पाहिजे."

पोरं हसली. सायेब हसले नाहीत. त्यांनी पाऱ्याची नळी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "तीन दिवस घेऊन जा. त्यांचं बोट झालं की ही दुधात घाल, आणि रेघ बघ."

पटक्याच्या घडीत नळी घालून घरी नेली. तीन संध्याकाळी तिने बोट काढलं की मी नळी बुडवली. तिन्ही दिवस पारा त्याच रेघेवर. केसाएवढाही मागेपुढे नाही. मी सांगितलं तेव्हा तिने नळी उलटसुलट बघितली आणि माझ्या हातात परत दिली.

"नळी बरी हाय. पण माझं बोट बघून शिकली वाटतं."

त्यानंतर मी कॉलेजात होतो तोवर दरवर्षी पोरांसाठी दही आमच्याच घरून गेलं. शिकलेल्यांच्या पोरांनी, वकील-डॉक्टर झालेल्यांनी, जितं काय असतं ते पहिल्यांदा माझ्या बायकोच्या गाडग्यात बघितलं. तिने स्वतः मात्र भिंगाला डोळा लावला नाही. मी तीन-चारदा न्यायला निघालो. "त्यास्नी बघून काय करू," म्हणायची. "त्यांचं काम चालू हाय, माझं बी चालू हाय."

तर त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, तुम्ही बघा.

तोवर तिची आई गेलेली, भाऊ गेलेला, उचगावचं घर मोडलेलं. शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याची बायको नेहमी आमच्याकडूनच विरजण न्यायची, पण तिच्या पोरांनी आठवड्यापूर्वीच गाडगं पुसून खाल्लं होतं. ही आजारी, म्हणून आमच्याकडेही चार दिवस नवीन लावलेलं नव्हतं. बुडाला पळीभर उरलं होतं, आंबट झालेलं. ते मेलं असतं तर कुठूनही परत यायचं नव्हतं.

मी करंगळी बुडवली. एक, दोन. माझं तोंड वाकडं झालेलं बघून तिनेच हात ओढून काढली. "अजून निवू द्या. घाई तुमची जुनीच हाय."

परत बुडवली. पाचाला बरं वाटत होतं. सहाला मी बोट काढलं.

"आता?" तिने विचारलं.

"आता."

"खात्रीनं?"

"सहाला निघालं आपोआप."

तिने मान हलवली. मी विरजण घातलं, ढवळलं, गाडगं चुलीमागच्या उबेला ठेवलं. तिने आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं वरून बांधलं. गाठ तिनेच मारली. उजाडायच्या आत ती गेली.

सकाळी बायका आल्या. माझी थोरली बहीण आली आणि रडणं झाल्यावर रीतीप्रमाणे कामाला लागली. मयताच्या घरातलं पाणी ओतायचं, शिळं ओतायचं, दूधदुभतं ओतायचं. घागरी पालथ्या झाल्या. मी दारात बसलो होतो. बघतो तर आक्का गाडगं घेऊन अंगणात येत होती.

"आक्का, ते ठेव."

"आरं, घरात मयत झालंय. दही ठेवत न्हाईत."

"ते मेलेलं न्हाय. ठेव म्हणतोय."

"लोकं काय म्हणतील? खुळा झाला म्हणतील."

"म्हणूद्यात. ती मेली ते मला ठावं हाय. हे मेलंय का न्हाय ते मला बघू दे."

मी गाडगं तिच्या हातातून घेतलं. गाठ सोडवायला वेळ लागला, तिची गाठ होती. फडकं काढलं. गाडगं जरा कलतं केलं, मग चांगलंच कलतं केलं. आतलं हललं नाही. वर पाणी नाही, फट नाही, नुसती घट्ट पांढरी साय. वास तोच. उचगावचा.

सगळ्या अंगणासमोर मी मोठ्याने म्हणालो, "लागलं."

 मग मागून पिंजाऱ्याची बायको पुढे आली. डोळे सुजलेले, पदराने नाक पुसत होती. "काका, आमच्यात सुतक नसतंय," म्हणाली. "द्या हिकडं. काकींचं हाय, ओतायचं न्हाय. पर ऊब तुमीच बघा. माझ्या हातनं दरवक्ताला बिघडतंय, काकी लई शिव्या घालायच्या."

आमच्या घरी चूल पेटायची नव्हती. तिने आपल्या चुलीवर दूध तापवलं आणि पातेलं दोघांच्या मधल्या कट्ट्यावर आणून ठेवलं. तोवर तिरडी बांधून झाली होती आणि माणसं उचलायला आली होती. पावणं, जरा थांबा, असं मी त्यांना म्हणालो. ते थांबले. आक्काही बघत उभी राहिली.

मी करंगळी बुडवली. दोनाला काढली आणि दूध निवायची वाट बघत बसलो. घाई केली नाही. परत बुडवली, पाच मोजले, सहाला बोट आपोआप निघालं. मग बायकोच्या गाडग्यातलं पळीभर घातलं, ढवळलं, आणि तिच्याच लुगड्याचं फडकं वरून बांधलं.

"आता हलवू नको," मी म्हणालो, आणि बायकोला खांदा द्यायला उठलो.