पहिला नंबर कोणाचा

लक्ष्मीमावशी आमच्या घरमालकीण. माजिवड्याला आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. आता फ्लॅटची भाडी येतात, गळ्यात ठसठशीत सोनं आहे, पण स्वस्थ बसणं बाईंच्या रक्तात नाही. माझी आठ वर्षांची कृतिका शाळेतून सुटली की मी ऑफिसातून येईपर्यंत त्यांच्याकडेच असते, त्यांना आजीच म्हणते. एकदा मी त्याचे पैसे देऊ केले, तर आठवडाभर अबोला.

गेल्या नवरात्रात आम्ही तिघी टेंभी नाक्याच्या देवीला गेलो होतो. ऑफिसचा फोन आला म्हणून मी बाजूला झाले आणि तेवढ्यात गर्दीत मावशींच्या हातून कृतिकाचा हात सुटला. ती लवकर सापडली, पण माझी झोप उडाली ती उडालीच. यंदा नवरात्राआधी ठरवलं, पोरगी कुठे आहे ते सांगणारं, फोन लावता येणारं घड्याळ घ्यायचं.

मावशींचं तोंड फुगलं. "माज्या हातावर भरवसा नाय, म्हनून यंत्र बांदतेस पोरीला. आता आजीचं काय काम?"

मी परोपरीने समजावलं. व्यर्थ. कृतिका आपल्याकडे यायची बंद होणार, अशी धास्तीच घेतली त्यांनी. तरी खरेदीच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून रिक्षात सगळ्यांआधी त्याच बसल्या.

दुकानदार देवेशने तीन घड्याळं मांडली. बाजारात खेकडा, चिंबोरी पारखून घ्यावी तसं मावशींनी एकेक उलटंपालटं करून पाहिलं.

"पान्यात चालंल कं?" गुलाबी घड्याळ उचलून त्यांनी विचारलं.

"शिंतोडे चालतात, आजी."

"मंग बुडव."

देवेश कचरला. गुलाबी घड्याळ बाद झालं. दुसऱ्यात गेम होते, ते मी बाद केलं. उरलं निळं. ते देवेशने पाण्याच्या ग्लासात सोडलं, बाहेर काढलं, तरी चालूच. मग त्यावर फोन लावून आवाज ऐकवला.

"एवढासाच? माजी हाक खाडीपार जाते," मावशी म्हणाल्या. यात तसूभरही अतिशयोक्ती नाही, सगळी बिल्डिंग साक्षीला आहे.

"हे लाल बटण दाबलं की आधी कोणाला फोन लागायला हवा?" देवेशने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत कृतिकाने एक नंबर घडाघडा म्हटला. तो मावशींचा होता.

"अगं, आईचा नंबर पहिला असतो," मी म्हटलं. लागलंच मला जरा.

"तू दुसरी. तू फोनवर असतेस ना," कृतिका म्हणाली. "मी हरवलेले तेव्हा आजी केवढ्यांदा हाका मारत होती. मला लांबून ऐकू आलं. मी आवाजाच्या दिशेनेच चालत गेले."

मला वाटत होतं, मावशींनी तिला शोधलं. मावशींनाही तेच वाटत होतं.

नंबर भरून देवेश कृतिकाला म्हणाला, "दाबून बघ."

मावशींच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला. पोरगी हातभर अंतरावर उभी होती, तरी पदर डोळ्यांना लावून त्या फोनमध्येच बोलल्या.

"तितंच उबी ऱ्हा बाला. आले मी."