लुंगी, नारळ आणि चौघांची एकदम उडी

माझी मुलगी उडत्या विमानातून उडी मारते, ही गोष्ट घरी स्थळं आली की आम्ही सांगत नाही.

बरं, एकटी मारत नाही. चौघे पॅराशूट बांधून विमानाच्या दारात एकमेकांची मनगटं धरतात, एकदम सुटतात आणि हवेत पालथे पडून चांदणी करतात. अशा उड्या मारणाऱ्या परराज्यातल्या एका संघात एकच जागा उरली होती, निवड आठवड्यावर आली होती आणि आमची शुभदा दर वेळी इतरांच्या आधी बाहेर! हात सुटायचे, चांदणीचा बोजवारा. (घाई माझ्याकडून आलेली. मी पंगतीतही पहिला बसतो.)

"बाबा, जमनीर सराव करूया. फकत दार होया."

दार होतं. डिचोलीतल्या खाणी थंडावल्यापासून माझा खनिजाचा ट्रक अंगणात उभा आहे. मागचा फाळका आडवा पाडला, खाली गवत पसरलं. शुभदा, तिची आई, माझे थोरले भाऊ आबा आणि मी वर चढलो.

"तीस वर्सां ह्या ट्रकातून माका कधी जत्रेक न्हेलां नाय," बायको म्हणाली. "उडी मारूक बरी आठवण इली."

शुभदानं मनगटं धरायला लावली आणि मोजणी सुरू करणार, तोच आबा अडले. "गाऱ्हाणां घातल्याबिगर आमी विहिरीचो पंपसुद्धा चालू करूक नाय."

गावातली देवापुढची गाऱ्हाणी तेच घालतात. नारळ आला. हात गुंतलेले, म्हणून तो त्यांनी काखेत दाबला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यां चेडू आकाशातून उडी मारता..."

"व्हय म्हाराजा," म्हणत आम्ही वाकलो.

"तेका सुखरूप जमनीर हाड..."

"व्हय म्हाराजा." पुन्हा वाकलो. फाळका करकरला.

"बाबा, तू कडेक इलंस."

"ट्रक माझो हा. माका शिकव नको."

"आणि त्या संघात तेचा नाव लागांदे..."

इथे मात्र मी पोरीसाठी म्हणून जरा जास्तच वाकलो आणि लुंगीचं टोक माझ्याच पायाखाली आलं. मी मागे गेलो, पण मनगटं सोडली नाहीत. (बुडताना एकटा बुडणाऱ्यांतला मी नव्हे.) चौघेही एकाच क्षणी सुटलो आणि गवतात चांदणीसारखे पसरलो. तिघे पालथे, मी उताणा. नारळ सर्वांत शेवटी आला, माझ्या पायाच्या अंगठ्यावर.

मी विव्हळत होतो आणि शुभदा हसत होती. "बाबा, ह्याच होया होता! सगळ्यांनी मिळून झुलायचा आणि तिसऱ्याक सुटायचा. मगे एकटो कोण आधी जातलो?"

आठवड्यानं तिचा फोन आला. दारात चौघे तीनदा "व्हय म्हाराजा" म्हणून झुलले, एकदम सुटले आणि तिचं नाव लागलं. मला रडूच आलं.

"बाबा, ही युक्ती तुझी म्हणान मी सांगलंय. संघाचे सर विचारतत, तुझ्यो आतापर्यंत किती उड्यो झाल्यो?"

मी स्टुलावर ठेवलेल्या पायाच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"एक म्हणान सांग," मी म्हणालो. "तीय, मी पडलंय ती धरून."